प्रोस्टेटमधली पाण्याची गाठ : ऑपरेशन कोणाला, कोणतं आणि त्याआधी काय विचारायचं

कमरेतून कळ निघाली म्हणून मुतखडा बघायला सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘प्रोस्टेटमध्ये सिस्ट’ असं लिहून यावं, हे अनेकांच्या वाट्याला येतं. मराठवाड्यातलं ऊन, टंचाईचं पाणी आणि भट्टीजवळची किंवा रानातली कामं यांमुळे जालन्यात मुतखड्याचे रुग्ण नेहमीचेच. सोनोग्राफीही आता तालुक्याच्या गावी होते. त्यामुळे पूर्वी आयुष्यभर कळली नसती अशी गाठ आज सहज सापडते. रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला शब्द निघतो तो कॅन्सरचा, आणि दुसरा ‘काढून टाका’ असा.

याच्या अगदी उलट दुसरा माणूस असतो. वय तीस-बत्तीस. वर्ष-दोन वर्षं लघवीची धार बारीक झालेली, सुरुवातीला जोर करावा लागतो, झाल्यावरही थेंब थेंब येत राहते. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, मग सब्जा, मग मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या. ‘प्रोस्टेट म्हातारपणी होतं’ असं ऐकलेलं असल्यामुळे तो तपासून घेत नाही. सांगायला लाज वाटते ती वेगळीच. गाठीवरच्या ऑपरेशनची गरज पहिल्यापेक्षा या दुसऱ्याला असण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: प्रोस्टेटमध्ये पाण्याची गाठ दिसली एवढ्यावर ऑपरेशन करायचं नसतं. तक्रार असावी लागते, आणि ती तक्रार त्या गाठीमुळेच आहे हे तपासण्यांतून दिसावं लागतं. बहुतेक गाठी लहान असतात, काहीच त्रास देत नाहीत आणि कॅन्सरच्याही नसतात. अशांना डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. तेवढं करावं आणि निश्चिंत राहावं.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. तरुण पुरुषात तिचं आकारमान साधारण २० ते २५ घनसेंटिमीटर असतं. गाठ या ग्रंथीत नेमकी कुठे आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं. अगदी मध्यरेषेवरची गाठ बहुधा जन्मजात असते. पोटातल्या गर्भात सुरुवातीला मुलाच्या आणि मुलीच्या अशा दोन्ही प्रकारच्या नलिका असतात. मुलगी असेल तर त्यांतल्या एका जोडीपासून गर्भाशय तयार होतं, मुलगा असेल तर तीच जोडी आक्रसून जाते. एकोणिसाव्या शतकातल्या योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला म्युलेरियन नलिका म्हणतात. तिचा उरलेला बारीकसा कप्पा प्रत्येक पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये असतो. तो फुगला की मधली सिस्ट तयार होते. मध्यरेषेच्या जरा बाजूला असलेली गाठ बऱ्याचदा वीर्य वाहून नेणाऱ्या नलिकेची असते. कडेच्या भागात, ग्रंथीच्या आतल्या बारीक नळ्या तुंबून झालेल्या गाठी असतात. वाढत्या वयात प्रोस्टेट वाढते तेव्हा तिच्यातही असे पाण्याचे कप्पे पडतात.

जन्मजात गाठ मोठी असेल तर रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट बघायची: दोन्ही किडन्या जागेवर आहेत का. अशा काही पुरुषांत जन्मापासून एकच किडनी असते. लहानपणी लघवीचं छिद्र शिश्नाच्या खालच्या बाजूला होतं किंवा त्याचं ऑपरेशन झालं होतं, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगावं, कारण मधल्या गाठीशी त्याचा संबंध असतो. आई-वडील हयात असतील तर त्यांना विचारा; मुलाला स्वतःला हे पुष्कळदा ठाऊकही नसतं.

आता तक्रार कशी होते ते. सगळ्यात त्रासदायक गाठ ही सगळ्यात मोठी असतेच असं नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी आत डोकावणारी एखादी लहान गाठ मोठ्या गाठीपेक्षा जास्त अडवते. लघवीला जोर केला की ती पुढे सरकून तोंडावर बसते, विहिरीतल्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हची झडप बसावी तशी. जितका जोर करावा तितकं तोंड घट्ट मिटतं. म्हणून या रुग्णांची हकीकत ठरावीक असते: धार चांगली सुरू होते, मध्येच तुटते, जरा थांबलं, वाकलं किंवा बसलं की पुन्हा सुरू होते. काहींना वारंवार लघवीला जावं लागतं, रात्री उठावं लागतं, वरचेवर जंतुसंसर्ग होतो. वीर्यनलिकेची गाठ असेल तर वीर्यात रक्त दिसणं, वीर्य बाहेर पडताना दुखणं, वीर्य फार कमी येणं किंवा मूल न होणं अशा तक्रारी असतात. या तक्रारी कोणी आपणहून सांगत नाही. जोडप्याच्या वंध्यत्वाच्या तपासण्या वर्षानुवर्षं बाईच्याच होत राहतात, आणि पुरुषाची साधी वीर्यतपासणी शेवटी होते. हे थांबायला हवं.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी एक काम करा, त्याला खर्च नाही. प्लास्टिकचं एक मापाचं भांडं घ्या आणि सलग तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वहीत लिहा: किती वाजता, किती मिली. पाणी-चहा किती घेतला तेही लिहा. दिवसभरात बारा वेळा जाणारा माणूस दर वेळी ३०० मिली करत असेल तर बहुधा तो पाणीच जास्त पितोय किंवा त्याची साखर वाढलेली आहे. ६०-७० मिली करत असेल तर गोष्ट वेगळी. तोंडी सांगितलेल्या ‘सारखं जावं लागतं’ यापेक्षा ही वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते. तिथे गेल्यावर तुम्हाला सात प्रश्नांचा एक तक्ताही भरायला देतील. त्याचे एकूण गुण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि त्यापुढे तीव्र. प्रश्न खाजगी वाटले तरी खरी उत्तरं द्या, कारण ऑपरेशननंतर फरक पडला का, हे याच आकड्यावरून ताडून बघतात.

तपासण्यांत लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, आणि वयानुसार पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. पीएसएबाबत दोन गोष्टी. लघवीचा संसर्ग झाला असेल किंवा नुकतीच नळी घातली असेल तर पीएसए उगाच वाढलेला येतो, आणि घरभर काळजी पसरते. संसर्ग बरा झाल्यावर सुमारे सहा आठवडे थांबून तो करणं बरं. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा जवळजवळ निम्मा दिसतो, म्हणून गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

सोनोग्राफीला जाताना पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायला सांगतात. नंबर लागेपर्यंत तासभर जातो, मूत्राशय गच्च भरतं, आणि मग लघवी करून आल्यावरही आत १५०-२०० मिली उरलेली दिसते. इतकं ताणलेलं मूत्राशय पुष्कळदा एका वेळी पूर्ण रिकामं होत नाही, निरोगी माणसाचंही. तेव्हा उरलेली लघवी जास्त आली तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा करून परत मोजायला सांगा. औषधं आणि ऑपरेशनचा सल्ला या आकड्यावरही अवलंबून असतो, म्हणून विचारायला संकोच नको.

युरोफ्लोमेट्री ही तपासणी तर अगदी सोपी आहे. एका खोलीत यंत्राला जोडलेलं नरसाळं असतं, त्यात नेहमीसारखी लघवी करायची, कागदावर आलेख उमटतो. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग गेला तर बहुधा अडथळा नाही, १० च्या खाली राहिला तर शंका घ्यायला जागा आहे. पण निदान १५० मिली लघवी झाली तरच आलेख ग्राह्य धरतात. बाहेर चार माणसं थांबलेली असताना घाईघाईत केलेली तपासणी खोटी निघते. दार लावून घ्या, वेळ घ्या, नाही झाली तर पुन्हा पाणी पिऊन या.

गाठीचं नेमकं ठिकाण समजण्यासाठी गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीवर भरवसा ठेवून थेट ऑपरेशन ठरवणं मला बरोबर वाटत नाही, कारण पाण्याच्या गाठीसारखं दिसणारं सगळंच पाणी नसतं. मधुमेही माणसाला हुडहुडी भरून ताप आला, लघवी अडली आणि प्रोस्टेटमध्ये कप्पा दिसला तर तो पू असू शकतो. तिथे थांबून चालत नाही, त्याच दिवशी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. टीबीनेही प्रोस्टेटमध्ये पोकळी पडते, म्हणून जुना टीबी, वजन घटणं, लघवीत पू असूनही कल्चर कोरं येणं या गोष्टी सांगायला हव्यात. मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासात राहणाऱ्यांत क्वचित कृमींमुळे होणारी हायडॅटिड गाठ या भागात सापडते. तिच्यात सुई घातली आणि पाणी आत सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. फार थोड्या जणांत गाठीच्या भिंतीला कॅन्सर असतो, तो एमआरआयमध्ये संशयित दिसतो.

शेवटचा निकाल दुर्बीण देते. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण आत घातली की मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ प्रत्यक्ष दिसते आणि ती वाट अडवते की नाही तेही कळतं. याच वेळी मूत्रनळीत आकुंचन आहे का हेही कळतं. तरुणात बारीक धारेचं ते एक नेहमीचं कारण आहे, आणि ते राहून गेलं तर गाठ काढूनही धार सुधारत नाही.

अडथळा फार नसेल तर डॉक्टर आधी टॅमसुलोसिनची गोळी देऊन बघतात. ती गाठ घालवत नाही, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. रात्री झोपताना घ्या आणि मध्यरात्री एकदम उठू नका, चक्कर येते. जालन्यात गणपती नेत्रालयामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन घराघरात माहीत आहे. तिथे किंवा कुठेही डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली आहे हे सांगणं अत्यावश्यक आहे, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. आणि ज्यांची लघवी आधीच अडखळते त्यांनी सर्दी-खोकल्याची औषधं मेडिकलवरून परस्पर घेऊ नयेत. हिवाळ्यात एका सिरपने लघवी पूर्ण तुंबून रात्री दवाखाना गाठावा लागतो.

ऑपरेशनचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढून घेणं. सोपं आहे, पण कप्पा तसाच राहत असल्याने पुन्हा भरण्याची शक्यता मोठी. भिंती चिकटाव्यात म्हणून काही वेळा आत औषध सोडतात. माझ्या मते सुईचा खरा उपयोग खात्री करून घेण्यासाठी आहे: पाणी काढल्यावर धार सुधारली तर गाठच गुन्हेगार होती हे सिद्ध होतं. काढलेलं पाणी तपासायला पाठवतात. त्यात शुक्रजंतू निघाले तर गाठीचा वीर्यमार्गाशी संबंध आहे हे कळतं आणि पुढचं ऑपरेशन त्या बेताने करता येतं.

दुसरा मार्ग दुर्बिणीने गाठीचं छप्पर कापून टाकण्याचा, आणि लघवी अडवणाऱ्या बहुतेक गाठींना हाच लागतो. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, रुग्ण जागा असतो. पोटावर चीर नाही, टाका नाही. लघवीच्या मार्गाने दुर्बीण आत जाते, समोरच्या पडद्यावर मूत्राशयाचं तोंड दिसतं, आणि त्याच्या खालच्या काठावर पातळ अस्तराखाली पाणी भरलेला गुळगुळीत फुगवटा. विजेच्या तारेच्या कड्याने, सुरीने किंवा होल्मियम लेसरने त्याचं छप्पर छेदलं की आतलं पाणी बाहेर येतं. ते स्वच्छ असतं, कधी दुधाळ, कधी जुन्या रक्ताने तपकिरी. मग कडेचं छप्पर शक्य तितकं काढतात. नुसतं भोक पाडलं तर ते मिटतं, म्हणून तोंड रुंद ठेवावं लागतं. काढलेला तुकडा बायोप्सीला जातो. तो पाठवला आहे ना, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावं. काम बहुधा तासाभरात आटोपतं.

वय जास्त असेल आणि प्रोस्टेटही वाढलेली असेल तर एकट्या गाठीचं छप्पर काढून भागत नाही. तेव्हा त्याच दुर्बिणीतून अडवणारा ग्रंथीचा भागही कापतात. वीर्यनलिकेच्या गाठीत नलिकेचं तोंड मोकळं करतात. हे काम फार थोड्या जागेत, गुदाशयाच्या भिंतीला लागून असतं, म्हणून ते नेहमी करणाऱ्याच्याच हातून व्हावं.

तिसरा मार्ग मूत्राशयाच्या मागे वाढलेल्या मोठ्या म्युलेरियन गाठींसाठी. त्या पोटातून, लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटच्या मदतीने अख्ख्या काढाव्या लागतात. असे रुग्ण थोडे, आणि हे काम मोठ्या केंद्रातच करून घ्यावं.

मूल हवं असलेल्या प्रत्येक पुरुषाने सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ‘या ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येईल का?’ मूत्राशयाचं तोंड कापलं गेलं तर वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. वाढलेल्या प्रोस्टेटचा अडवणारा भाग कापण्याच्या ऑपरेशनात हे बहुतेकांना होतं. नुसतं छप्पर काढताना धोका कमी, पण असतो. त्याने ताठरता किंवा सुख सहसा जात नाही, मात्र नैसर्गिक गर्भधारणा अवघड होते. तरुण रुग्णात तोंडाला धक्का न लावता काम करता येईल का, आणि आधी वीर्य गोठवून ठेवायचं का, हे त्याच बैठकीत बोलून घ्या. पत्नीला बरोबर न्या. ऑपरेशन झाल्यावर ही गोष्ट पहिल्यांदा कळण्यासारखा मनस्ताप नाही. बाकीचे धोके म्हणजे रक्तस्राव, संसर्ग, पुढे काही महिन्यांनी मूत्रनळी आकसणं, गाठ पुन्हा भरणं आणि क्वचित लघवीवरचा ताबा सैल होणं.

जायचं कुठे? आधी जालन्याचं सिव्हिल गाठावं. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं आहे. सिव्हिलमध्ये युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ, केव्हा भेटतात याची चौकशी करून जा, म्हणजे मंठा-परतूरहून आलेली फेरी वाया जाणार नाही. नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. खाजगीत गेलात तरी डॉक्टर एम.सीएच. किंवा डीएनबी युरोलॉजी झालेले आहेत का ते बघा, आणि ‘अशा गाठी तुम्ही किती केल्या?’ हे सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पैशांसाठी जमीन गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. मराठवाडा-विदर्भाच्या ज्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना ही योजना आधीपासून लागू होती त्यात जालना आहे. आता ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना लागू असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. तुमच्या ऑपरेशनचं नेमकं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि ते योजनेत, त्याच दवाखान्यात बसतं का ते त्याला दाखल होण्याआधी विचारा. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवू, या आश्वासनावर विसंबू नका. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का तेही गावातूनच बघून निघा.

दाखल होण्यापूर्वी लघवीचं कल्चर स्वच्छ असलं पाहिजे आणि साखर आटोक्यात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. स्टेंट बसवलेल्या माणसाने मनानेच गोळी थांबवणं प्राणावर बेतू शकतं.

ऑपरेशननंतर लघवीच्या मार्गात नळी असते, बहुधा एक ते तीन दिवस. नळी काढल्यावर पहिल्या लघवीला जळजळ होणारच. नळी असताना पिशवीतली लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका. गडद लाल झाली, गुठळ्या आल्या किंवा नळी वाहायची थांबली तर लगेच सिस्टरला बोलवा. घरी गेल्यावर दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी, हृदय किंवा किडनीच्या आजाराने पाण्यावर बंधन नसेल तर. मोसंबीचा रस चालेल, मधुमेह असेल तर बेताने. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटून पुन्हा थोडं रक्त दिसतं, ते आपोआप थांबतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने रक्त येतं. रात्री इसबगोल घ्या. सुमारे महिनाभर ट्रॅक्टर, मोटारसायकल, पोती उचलणं, पाठीवर फवारणीचा पंप, कारखान्यातली वजनाची कामं बंद. कापूस वेचणीच्या किंवा पेरणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. घाईची नसलेली ऑपरेशनं पीक हातात आल्यावर ठरवली की हा महिना खरोखर पाळला जातो. शरीरसंबंध दोन-तीन आठवडे टाळावेत. थंडी वाजून ताप आला, अंडकोष सुजून दुखू लागला किंवा लघवी अडली तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता निघा.

सहा आठवड्यांनी युरोफ्लोमेट्री पुन्हा करायची आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवून बघायची. तीनेक महिन्यांनी सोनोग्राफी. धार सुधारून काही महिन्यांनी पुन्हा बारीक झाली तर गाठ परत भरली किंवा मूत्रनळी आकसली, यांपैकी एक असू शकतं, आणि दोन्हींवर उपाय आहे. त्या वेळी डॉक्टर मागतात ते ऑपरेशनचं टिपण, बायोप्सीचा रिपोर्ट, एमआरआयची फिल्म आणि दोन्ही आलेख. हे सगळं एकाच फायलीत ठेवा आणि दवाखाना बदललात तरी ती फाईल बरोबर न्या.